इमारतीपर्यंतचे येणे आणि आतला वावर: आराखड्यावर बाण काढून हा प्रश्न का सुटत नाही

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. आपण वास्तुकलेच्या चौथ्या वर्षात आहात आणि एका सार्वजनिक ग्रंथालयाचा आराखडा करत आहात. इमारत तीन मजली, सुमारे १२ मीटर उंच आणि ४० मीटर लांब आहे. भूखंडाचे फाटक ईशान्येच्या कोपऱ्यात आहे आणि उत्तरेकडची दर्शनी भिंत फाटकाच्या रेषेपासून १८ मीटर आत आहे. परीक्षकांनी दोनदा "इमारतीपर्यंत येणे आणि आतला वावर सुटलेला नाही" असा शेरा दिला. पहिल्या शेऱ्यानंतर आपण मार्गिकांची रुंदी दीड मीटरवरून अडीच मीटर केली, मुख्य दार दर्शनी भिंतीच्या मध्यावर आणून २ मीटर आत घेतले आणि आराखड्यावर रंगीत बाण काढले, तरीही शेरा तोच राहिला. म्हणून आपण तीन गोष्टी विचारता: वावरासाठी एकूण क्षेत्रफळाच्या किती टक्के जागा ठेवावी, मुख्य दार समोर आणि मध्यभागीच असावे का, आणि शिक्षक 'इमारतीतला प्रवास' म्हणतात तेव्हा त्यांना नेमके काय अपेक्षित असते.

गेली २६ वर्षे मी शाळा, ग्रंथालये आणि दवाखाने अशा इमारतींचे काम करतो आहे, आणि आपला प्रश्न वाचताना मला माझ्या सुरुवातीच्या आराखड्यांची आठवण झाली. आपण आधी खोल्या मांडल्या, त्यांच्यामध्ये जी जागा उरली तिला मार्गिका म्हटले, आणि शेवटी त्या मार्गिकेवर बाण काढले. आराखडा आपण वरून पाहतो. त्यात फाटक, दार, जिना, वाचनकक्ष हे सगळे एकाच वेळी दिसते, आणि म्हणून सगळे जोडलेले आहे असा समज होतो. प्रत्यक्षात येणाऱ्या माणसाला कोणत्याही एका क्षणी त्यातला फार थोडा भाग दिसतो आणि तेवढ्यावरून त्याला पुढचे पाऊल ठरवावे लागते. म्हणून मी या विषयाचा मूळ प्रश्न असा मांडतो: वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी या माणसाला काय दिसते, काय ठाऊक आहे आणि काय ठरवायचे आहे? हा प्रश्न रुंदी किंवा टक्केवारी वाढवून सुटत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगून ठेवतो. लोक पहिल्यांदाच येणार आहेत की रोज, यावर पुष्कळ ठरते. संग्रहालयात थोडे भरकटणे आनंदाचे असू शकते. दवाखान्यात वेदना होत असलेल्या माणसाला एक चुकीचे वळणही सोसवत नाही. ग्रंथालय या दोहोंच्या मधे आहे: कपाटांमध्ये रमत फिरावे, पण जिना, स्वच्छतागृह आणि बाहेरचे दार शोधावे लागू नये. भूखंडाचा उतार, हवामान, देखरेखीची गरज आणि आपल्याकडे लागू असलेली बांधकाम नियमावली यांनीही उत्तर बदलते. पुढे जे लिहितो ते आपल्या ग्रंथालयाला धरून आहे.

इमारतीपर्यंतच्या येण्यापासून सुरुवात करू, कारण विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत सर्वांत कमी विचार याच भागाचा झालेला असतो. एकोणिसाव्या शतकात हेर्मान मेर्टेन्स या जर्मन वास्तुविशारदाने अंतर आणि नजरेचा कोन यांचा जो हिशेब मांडला, तो मी आजही प्रत्येक भूखंडावर करतो. इमारतीच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सुमारे १८ अंशांच्या कोनातून, ती आपल्या परिसरासह दिसते. दुप्पट अंतरावरून, म्हणजे सुमारे २७ अंशांतून, ती एक संपूर्ण वस्तू म्हणून नजरेत मावते. उंचीइतक्याच अंतरावर, ४५ अंशांतून, तिचे बारकावे दिसू लागतात आणि संपूर्ण रूप निसटते. आपल्या १२ मीटर उंचीसाठी ही अंतरे ३६, २४ आणि १२ मीटर होतात. आपल्या फाटकापासून भिंत सरळ अंतरात १८ मीटरवर आहे, म्हणजे समोरून पाहिले तर आपले ग्रंथालय संपूर्ण असे कुठूनच नीट दिसणार नाही. मात्र फाटक कोपऱ्यात असल्यामुळे दर्शनी भिंतीचा पश्चिमेकडचा भाग पुष्कळ दूर जातो आणि तिरकस नजरेने इमारत बऱ्यापैकी मावते. भूखंडाने आपल्याला तिरकस आगमन दिलेले आहे, आणि आपण मात्र समोरून येणाऱ्या माणसासाठी दार काढलेले आहे. परीक्षकांना नेमके हेच खटकले असावे.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. भिंतीची पूर्वेकडची कड फाटकाच्या रेषेत धरली तर दाराचा मध्य फाटकापासून २० मीटर पश्चिमेला आणि १८ मीटर दक्षिणेला येतो. दार ३ मीटर रुंदीच्या कोनाड्यात २ मीटर आत आहे. या तिरक्या नजरेत कोनाड्याच्या मागच्या भिंतीचा सुमारे दोन मीटर भाग जवळच्या कडेआड झाकला जातो आणि जेमतेम एक मीटर दिसतो. शिवाय उत्तरेकडचा कोनाडा असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ तो सावलीत असतो. फाटकातून आत आलेल्या माणसाला दाराऐवजी भिंतीतली एक काळसर फट दिसते. हेच दार आत न घेता त्यावर तीन मीटर पुढे आलेले छत आणि दोन खांब दिले असते तर ते तिरक्या नजरेतही स्पष्ट उठून दिसले असते. आत घेतलेले प्रवेशद्वार समोरून येणाऱ्याला सामावून घेते, पुढे आलेले प्रवेशद्वार बाजूने येणाऱ्याला हाक देते. आपल्या भूखंडाला दुसरे हवे आहे.

तर मुख्य दार मध्यभागी असावे का? असा नियम नाही. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर प्रोपिलिया या द्वारवास्तूतून आत शिरल्यावर पार्थेनॉन उजव्या हाताला तिरका दिसतो, त्यामुळे त्याची लांबी आणि रुंदी दोन्ही एका नजरेत कळतात. त्याचे प्रवेशद्वार मात्र पूर्वेच्या टोकाला आहे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या माणसाला मंदिराची संपूर्ण लांबी चालून मगच दारासमोर यावे लागे. फ्रेंच अभ्यासक ऑग्युस्त श्वाझी यांनी १८९९ मध्ये ही मांडणी चालणाऱ्याच्या नजरेतून उलगडून दाखवली आणि पुढच्या अनेक वास्तुविशारदांवर तिचा प्रभाव पडला. ताजमहालात याच्या उलट, आगमन अगदी अक्षावर, म्हणजे सरळ समोरून आहे. पण तिथेही माणसाला थेट समोर आणून सोडलेले नाही. आधी बाहेरचे प्रांगण, मग भव्य दरवाजा, आणि त्या दरवाज्याच्या कमानीतून पहिल्यांदा समाधी दिसते, तीसुद्धा संपूर्ण बागेच्या पलीकडे. सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार दिशांना तोरणे आहेत, परंतु तोरणातून सरळ चालत स्तूपाला भिडता येत नाही. कठड्याची रचनाच अशी आहे की आत येताना वळावे लागते, आणि ते वळण माणसाला प्रदक्षिणेच्या दिशेला लावून देते. तिन्ही ठिकाणी वाट वेगळी आहे, पण प्रत्येक वाट पुढे काय घडायचे आहे त्याला धरून आखलेली आहे. आपल्या ग्रंथालयात पुढे काय घडायचे आहे, हे ठरल्याशिवाय दार कुठे असावे याचे उत्तर मिळत नाही.

या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका लहान आरोग्यकेंद्राचे मुख्य दार मी रस्त्याच्या बाजूला ठेवले, त्याच्यासमोर रुंद पायऱ्या केल्या आणि आत स्वागतकक्ष मांडला. वाहने उभी करण्याची जागा मात्र मागे होती, कारण तिथेच जागा शिल्लक होती. केंद्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्ण मागच्या, औषधे उतरवण्यासाठी ठेवलेल्या दाराने येऊ लागले आणि कोणाला विचारायचे हे न कळून मार्गिकेत ताटकळू लागले. शेवटी स्वागतकक्ष मागे हलवावा लागला. तेव्हापासून मी दार कागदावर काढण्याआधी लोक कुठून येणार हे लिहून काढतो: पायी किती, बसथांब्यावरून किती, दुचाकीवरून किती, आणि त्यांची वाहने कुठे लागणार. आपल्या आराखड्यात सायकली आणि दुचाकी पूर्वेच्या कडेला आहेत, म्हणजे तिथून येणारे आणि फाटकातून चालत येणारे हे दोन्ही लोंढे इमारतीच्या ईशान्य कोपऱ्याजवळ एकत्र येतात. दार त्या कोपऱ्याजवळ का असू नये, याचा विचार करावा, असे मला वाटते.

आता उंबरठा. बाहेर भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतो आणि आत वाचनकक्षात तो काही शे लक्स असतो. इतक्या फरकाला डोळा लगेच सरावत नाही, आणि तोपर्यंत दाराआतली पहिली काही पावले माणूस जवळजवळ अंधारात टाकतो. तिथेच पायरी असेल तर तो अडखळतो आणि तिथेच पाटी असेल तर ती वाचली जात नाही. पुढे आलेल्या छताखालची सावली आणि त्यानंतरची उजळ रंगाची मोकळी जागा असे दोन टप्पे ठेवले की हा उतार सौम्य होतो. अनुभवावरून मी असेही सांगेन की दाराआतल्या पहिल्या चार-पाच मीटरांत महत्त्वाची कोणतीही सूचना लावू नये. माणूस अजून चालत असतो, छत्री मिटत असतो, मागच्यासाठी दार धरून ठेवत असतो. तो जिथे पहिल्यांदा थांबतो तिथून आजूबाजूला काय दिसते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आपल्या आराखड्यात तो थांबतो तिथे समोर देवघेवीचा काउंटर आहे, काउंटरमागे लिफ्टची भिंत आहे आणि जिना डावीकडच्या मार्गिकेच्या टोकाला, वळणापलीकडे आहे. म्हणजे इमारतीत शिरल्यावर घ्यावा लागणारा पहिलाच निर्णय, वर कसे जायचे, हा माणसाला विचारल्याशिवाय घेता येत नाही. अशा ठिकाणी बहुतेक जण फलक लावतात. माझा अनुभव असा आहे की जिथे फलक लावण्याची इच्छा होते तिथे सहसा एखादी भिंत चुकीच्या जागी असते, आणि आराखड्याच्या टप्प्यावर भिंत हलवायला काहीच लागत नाही. जिन्याच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्या दारातून दिसल्या, आणि त्या वरून येणाऱ्या उजेडात असल्या, तर बाण काढण्याची गरज उरत नाही.

आतल्या वावराची तपासणी करण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक जागेसाठी एक वर्तुळ काढा, दोन जागांमध्ये दार असेल तर त्यांची वर्तुळे रेषेने जोडा, आणि मुख्य दारापासून प्रत्येक वर्तुळापर्यंत किती रेषा ओलांडाव्या लागतात ते मोजा. या आकड्याला आपण खोलपणा म्हणू, म्हणजे आत किती खोल जावे लागते या अर्थाने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या विचाराची मोठी शाखा उभी केली, पण आपल्या कामाला कागद आणि पेन्सिल पुरेशी आहेत. वर्तमानपत्रांचा कक्ष आणि बालविभाग उथळ असावेत, शांत अभ्यासाची जागा खोल असावी, हे सहज पटते. आपल्या आराखड्यात मोजल्यावर मला बालविभाग पाचव्या पायरीवर सापडला आणि मोठ्यांचा वाचनकक्ष तिसऱ्या. लहान मुले पळत आणि बोलत वाचकांजवळून जाणार, आणि हे आराखडा वरून पाहताना लक्षात येत नाही, कारण कागदावर दोन्ही खोल्या दारापासून सारख्याच जवळ दिसतात.

वाट आणि खोली यांचे नाते तीन प्रकारचे असते: वाट खोलीच्या बाजूने जाते, खोलीतून जाते, किंवा खोलीत संपते. यातला दुसरा प्रकार सर्वांत काळजीने हाताळावा लागतो, आणि आपली मोठी अडचण इथेच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. आपल्या दुसऱ्या मजल्यावर संदर्भ विभागाकडे जाण्यासाठी वाचनकक्षातून जावे लागते, आणि कक्षाची दोन दारे समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत. त्यामुळे वाट कर्णरेषेने कक्ष कापते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन त्रिकोण उरतात, आणि त्रिकोणात टेबले नीट बसत नाहीत. बसवली तरी प्रत्येक टेबलाच्या एका बाजूने सतत कोणीतरी जात राहते. हीच दोन दारे एका लांब भिंतीच्या दोन टोकांना आणली तर वाट त्या भिंतीलगत सरकते, भिंतीला कपाटे लागतात, चालणारा माणूस पुस्तके पाहत जातो आणि कक्षाचा बाकीचा भाग अखंड राहतो. फक्त एक दार हलवून ही जागा परत मिळते. खोलीची दारे ठरवणे म्हणजे खोलीतली शांत जागा ठरवणे, असे मी कार्यालयातल्या नव्या मुलांना नेहमी सांगतो, आणि त्यांच्याकडून दारांसोबत फर्निचरही काढून घेतो.

मार्गिकांच्या रुंदीबद्दल थोडक्यात. दोन माणसे एकमेकांजवळून जायला सुमारे १.२ मीटर पुरतात, चाकांची खुर्ची आणि चालणारा माणूस यांना १.५ मीटर, आणि दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर १.८ मीटर हवेत; खुर्ची जागेवर वळवायला १.५ मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. नियमावलीत याहून अधिक रुंदी सांगितली असेल तर ती पाळावीच लागते. आपण ३० मीटर लांबीची मार्गिका सरसकट अडीच मीटर केली, त्याने गर्दीचा प्रश्न सुटला नाही, कारण गर्दी सगळीकडे नव्हतीच. लोक थांबतात तिथे रुंदी लागते: लिफ्टसमोर, जिन्याच्या तोंडाशी, स्वच्छतागृहाजवळ, सूचनाफलकापाशी. मार्गिका १.८ मीटर ठेवा आणि अशा दोन ठिकाणी ती तीन-साडेतीन मीटर फुगू द्या. तिथे खिडकी आणि बाक आले तर लांबीही तुटते.

टक्केवारीचे उत्तर यातच आहे. माझ्या सार्वजनिक इमारतींत वावराची जागा साधारण एक पंचमांशापासून एक तृतीयांशापर्यंत आलेली आहे, आणि यातल्या कोणत्या टोकाची इमारत चांगली ठरली असा काही मेळ मला दिसलेला नाही. आकडा शेवटी तपासण्यासाठी वापरावा. तो फार मोठा आला तर कुठेतरी एकाच खोलीसाठी स्वतंत्र मार्गिका केलेली असते. फार लहान आला तर लोक एकमेकांच्या खोल्यांतून जात असतात. वावराची जागा आणि वापराची जागा यांच्यातली रेघ ग्रंथालयात तशीही पुसट असते, कारण कपाटांमधली गल्ली ही वाट आहे की वाचनाची जागा, हे कोण ठरवणार?

जिना आणि चढण (रॅम्प) यांच्याकडे आराखड्यात चौकोन म्हणून पाहिले जाते, पण वावर छेदात, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रात, अधिक कळतो. जिन्यासाठी फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी सतराव्या शतकात सांगितलेला हिशेब अजून उपयोगी आहे: रायझरची (पायरीच्या उंचीची) दुप्पट आणि ट्रेड (पाय ठेवण्याच्या जागेची रुंदी) यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास असावी. १५ आणि ३० सेंटिमीटर घेतले तर ६० येते, आणि अशा जिन्यावर माणूस पायांकडे न पाहता चढतो. नजर मोकळी झाली की ती कुठेतरी जाते, म्हणून लँडिंगवर, म्हणजे मधल्या सपाट टप्प्यावर, खिडकी किंवा वरच्या कक्षाचे दर्शन ठेवणे योग्य ठरते. चढणीचा १:१२ हा उतार अनेक नियमावल्यांत कमाल मर्यादा म्हणून दिलेला आहे. १ मीटर चढायला त्या उताराने लँडिंग सोडून १२ मीटर लागतात. जागा असेल तर मी १:२० घेतो, म्हणजे २० मीटर. आपण चढण इमारतीच्या पश्चिम बाजूला, दारापासून दूर जोडली आहे. खुर्चीवरून येणाऱ्या वाचकाला त्यासाठी दर्शनी भिंतीची संपूर्ण लांबी एकट्याने जावे लागेल, आणि बरोबरचे लोक पायऱ्यांनी आधीच आत गेलेले असतील. हे मला मनापासून खटकते. आपल्या जोत्याची उंची ६० सेंटिमीटर आहे. फाटकापासून दारापर्यंत चालण्याची वाट २० मीटरांहून अधिक आहे. संपूर्ण वाटच हळूहळू चढवली तर १:३० चा उतारही मिळतो, पायऱ्या लागतच नाहीत, आणि सगळे एकाच वाटेने आत येतात.

इथवर आल्यावर 'प्रवास' या शब्दाबद्दल बोलता येईल. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या विचारात हा शब्द केंद्रस्थानी होता, आणि पॅरिसजवळच्या प्वासी इथली व्हिला साव्वा, १९२८ ते १९३१ मध्ये बांधलेली, हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. तळमजल्याची वक्र काच मोटार वळण्याच्या जागेवरून ठरलेली आहे, म्हणजे आगमन इमारतीखालीच सुरू होते. मग मधोमध असलेली चढण माणसाला पहिल्या मजल्यावर आणि तिथून गच्चीवर नेते. चढण सलग असल्यामुळे प्रत्येक पावलाला घराचा थोडा वेगळा भाग दिसतो. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी हाच परिणाम उंचीने साधला. फॉलिंगवॉटर या घरात ओढ्यावरच्या पुलावरून येऊन माणूस मागच्या बाजूच्या लहान, ठेंगण्या प्रवेशातून आत शिरतो, आणि मग बैठकीची आडवी पसरलेली खोली आणि बाहेरचे रान एकदम खुले होते. ती खोलीही फार उंच नाही. आधीच्या आकसण्यामुळे ती मोठी वाटते.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात, जे १९५९ मध्ये खुले झाले, राइट यांनी लिफ्टने वर जाऊन सलग उतरत्या वाटेने खाली येण्याची कल्पना केली होती. तिथे निर्णयच उरत नाही. विद्यार्थ्यांना ती इमारत फार मोहात पाडते, पण ग्रंथालयात ती वाट चालणार नाही. चित्रे ओळीने पाहता येतात. पुस्तक शोधणाऱ्याला मधूनच आत शिरून मधूनच बाहेर पडायचे असते. प्रवास म्हणजे एकच लांब वाट असा अर्थ घेऊ नका. आपल्या शिक्षकांना बहुधा एवढेच हवे आहे की एका जागेतून दुसरीत जाताना उजेड, उंची, आवाज आणि दृश्य यांत जो बदल होतो तो आपण जाणीवपूर्वक ठरवलेला असावा.

आतापर्यंतचे आपल्या आराखड्याच्या संदर्भात एकत्र करतो. आगमन तिरकस आहे, म्हणून दार ईशान्येकडे सरकवून पुढे आलेल्या छताने दाखवावे. वाट हळूहळू चढवून पायऱ्या टाळाव्यात. आत पहिल्या थांब्यावरून जिना दिसावा. बालविभाग दाराजवळ यावा. वाचनकक्षाची दारे एका भिंतीला यावीत. यानंतर बाण पुसून टाका आणि चार माणसांना इमारतीतून चालवा: पहिल्यांदा आलेला वाचक, रोजचा विद्यार्थी, लहान मुलाला बाबागाडीतून आणणारी आई, आणि पुस्तकांची ढकलगाडी नेणारा कर्मचारी. प्रत्येकाच्या वाटेवर आठ-दहा ठिकाणी थांबून डोळ्याच्या उंचीवरून लहान रेखाटने करा. उभ्या माणसासाठी दीड मीटरच्या थोडे वर, खुर्चीवरच्या माणसासाठी सुमारे १.२ मीटर, मुलासाठी एक मीटर. रेखाटनाखाली दोनच ओळी लिहा: इथून काय दिसते, आणि आता कुठे जायचे. दुसऱ्या ओळीचे उत्तर चित्रात दिसत नसेल तर त्या ठिकाणी आराखडा बदलायचा आहे. चित्रे सुंदर असण्याची गरज नाही; पुढच्या परीक्षणाला ती आराखड्याशेजारी लावली तर परीक्षकही वरून पाहणे सोडून आपल्याबरोबर चालू लागतील.

कर्मचाऱ्याच्या वाटेवर विशेष लक्ष द्या. परत आलेली पुस्तके देवघेवीच्या काउंटरवरून तिन्ही मजल्यांवर जातात, आणि आपल्याकडे लिफ्टचे दार वाचकांच्या रांगेतच उघडते. लिफ्ट दोन्ही बाजूंनी उघडणारी घेतली किंवा काउंटर दीड-दोन मीटर सरकवला तरी हे सुटेल.

शेवटची गोष्ट परतीच्या वाटेची. आपल्या सर्व बाणांची टोके आत जाणारी आहेत, बाहेर येणारा एकही नाही. आग किंवा धूर असताना लोक बहुधा ज्या वाटेने आत आले त्याच ओळखीच्या वाटेने बाहेर पडू पाहतात, जवळ दुसरा जिना असला तरी. म्हणून पश्चिमेचा दुसरा जिना केवळ संकटकाळासाठी बंद दारामागे ठेवू नका. अभ्यासिकेतून अंगणात उतरण्यासाठी तो रोज वापरात राहील अशी जागा त्याला द्या, म्हणजे पायांना तो आधीच ठाऊक असेल. त्या अंगणातून फाटकापर्यंतची वाट उत्तरेच्या भिंतीलगत जाते आणि सध्याच्या आराखड्यात तिच्यावर एकही खिडकी उघडत नाही. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे राहणार आहे. तळमजल्याच्या वर्तमानपत्र कक्षाच्या खिडक्या त्या बाजूला घेतल्या तर आतला उजेड वाटेवर पडेल, आणि उशिरा घरी निघालेल्या विद्यार्थिनीला आतले लोक आणि समोरचे फाटक दोन्ही दिसत राहतील.